अण्णांची पिकअप, माझी डिस्पोजल

थोरल्या दिरांशी माझं पहिलं भांडण गाडीवरून झालं. पुढं जी काही भांडणं झाली ती सगळी त्याच भांडणाची पिल्लं. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणते. अजूनही अहो-जाहो करते, पण ती जिभेची सवय आहे. त्यात आदर शोधायला जाऊ नये.

आमचं घर सोलापुरात दुधाच्या धंद्यातलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो उभा केला होता. होटगीच्या पुढं भीमेच्या अंगाला जी गावं आहेत, तिथलं दूध सकाळी गोळा करायचं आणि शहरात हॉटेलांना, मिठाईवाल्यांना घालायचं. दूध कधी सायकलवरून यायचं, कधी बैलगाडीतून, आणि उन्हाळ्यात निम्मं नासूनच यायचं. दुष्काळात म्हशी गेल्या, धंदा बसला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, गोठे पुन्हा भरायला लागले. मामंजींनी ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची.

अण्णांनी गाडी आधीच मनाशी ठरवून टाकली होती. शोरूममध्ये उभी असलेली निळी, कोरी पिकअप. डिझेलवर चालणारी. जेवायला बसले की तिचंच कौतुक सुरू व्हायचं. डिझेल स्वस्त, सुटे भाग गावात मिळतात, दारात उभी राहिली तर चार लोक विचारतील कुणाची म्हणून. हे शेवटचं ते दोनदा सांगत.

मी भाकऱ्या थापत होते. मी नवऱ्याला म्हणाले, जरा मोठ्यानंच म्हणाले, "त्या गाडीला मागच्याच चाकांचा जोर. हस्ताच्या पावसात काळ्या रानात ती बसकण मारंल. त्यापेक्षा मिलिटरीची जुनी गाडी बघा, चारी चाकांना जोर असलेली."

अण्णांनी घास खाली ठेवला. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. काही सांगायचं तर आपल्या बायकोला सांगायचं आणि तिनं ते माझ्यापर्यंत पोचवायचं, मी समोर बसले असले तरी. ते जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, गाडी सैपाकघरातनं चालत नसती."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ऐकलंय हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी ते शब्द जसेच्या तसे मला सांगितले, वर थोडं स्वतःचं तिखट घालून. "आणि चुलीकडं बघ म्हणत्यात, भाकरी करपतीया."

भाकरी करपली नव्हती.

मी बोलले ते हवेतलं नव्हतं. माझं माहेर अक्कलकोटच्या पुढं, कन्नड मुलखाच्या कडेला. माझे अप्पा खडी फोडायचं काम घ्यायचे. त्यांच्याकडं मिलिटरीनं लिलावात काढलेली एक गाडी होती. अशा गाड्यांना सगळे डिस्पोजलच म्हणत. अमेरिकन बनावटीची, डावीकडं स्टिअरिंग, वर ताडपत्री. अप्पांना मुलगा नव्हता. पाय क्लचला पोचायला लागले तशी त्यांनी मला ती शिकवली. खाणीतल्या चढावर, ओढ्यात, नांगरटीत, जिथं म्हणून गाडी नेऊ नये तिथं तिथं मी ती नेली. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बजावलं, "सासरी हे सांगू नकोस. गाडी चालवणारी सून म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" मी सांगितलं नाही. नवऱ्याला पुढं सांगितलं, तर तो म्हणाला, "असू दे की." त्याच्या तोंडी कायम हेच. चांगलं झालं तरी असू दे की, वाईट झालं तरी असू दे की.

मामंजींच्या कानात मात्र माझं वाक्य राहिलं असावं. ते व्यापारी माणूस. दोन दुकानं फिरल्याशिवाय फडकं घेत नसत. त्यांनी भंगारबाजारातल्या एका चाचांना निरोप धाडला. या चाचांच्या वखारीत डिस्पोजलच्या गाड्या उभ्या असत. त्यातली एक त्यांनी रंग मारून, इंजिन उघडून नीट केली होती. ठरलं असं, की एक दिवस दोन्ही गाड्या आपल्या वाटेवर फिरवून बघायच्या. पिकअप शोरूमवाले देणार, डिस्पोजल चाचा घेऊन येणार.

"मी पण येणार," मी म्हणाले.

अण्णा भिंतीकडं बघून म्हणाले, "तमाशा हाय का?"

मामंजी म्हणाले, "येऊ दे की. भाकरी कोण आणनार?" भाकरी निमित्त होतं की खरं कारण, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

आदल्या दोन दिवसांत पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन होतं. पिकअपमध्ये अण्णा स्टिअरिंगवर आणि शेजारी मामंजी. डिस्पोजलमध्ये चाचा, माझा नवरा आणि कडेला मी, मांडीवर भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं घेऊन. डांबरी रस्त्यावर पिकअप बघता बघता दिसेनाशी झाली. आमची गाडी हाडं खिळखिळी करत, धूर काढत मागून चालली होती. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. नवरा माझ्या कानात ओरडला, "अण्णाची गाडी मऊ चालती बघ." मी गाठोडं घट्ट धरून बसले.

होटगीचं फाटक ओलांडून डांबर संपलं तिथं अण्णा गाडीला टेकून उभे होते. आमची वाट बघत होते हे दाखवायला त्यांनी कपाळाला हात लावून सूर्याकडं बघितलं. मग आम्ही गाडीवाटेला लागलो.

अण्णा गाडी चांगली चालवत. हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. चाकोरी सोडून कडेच्या गवतावरून त्यांनी बराच पल्ला पिकअप नेली. पण आमच्याकडची काळी माती ज्यानं बघितली नाही त्याला ती सांगून कळत नाही. ओली झाली की चाकाला लिंपत जाते, लिंपत जाते, आणि शेवटी चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये इतकी भरते की चाक फिरायचंच थांबतं. गाव दिसायच्या आधी एक ओढा लागतो. ओढ्यात दगडगोटे, तिथून पिकअप सहज पार झाली. पलीकडच्या चढाला मात्र निम्म्यावर गेली आणि मागं घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा अण्णांनी चिडून जोर दिला तशी मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटावर बसली.

आम्ही ओढ्याच्या अलीकडं थांबलो. चाचांनी खाली उतरून हाक मारली, "साब, मैं खींच लेता हूं. दोर है मेरे पास."

अण्णा म्हणाले, "भंगाराला बांधून नवी गाडी वडायची न्हाय." मग माझ्या नवऱ्याला हुकूम सोडला, "तू गावात जा. बैलं घेऊन ये."

नवरा धोतर वर खोचून चालू लागला. चाचांनी बिडी काढली. मामंजी खाली उतरून एका दगडावर बसले. ऊन चढत होतं. चढापलीकडं गावातली माणसं दुधाचे कॅन पारावर मांडून आमची वाट बघत बसली असणार. कुणीच त्या दुधाचा विचार करत नव्हतं. अण्णा आपल्या गाडीच्या चाकाशी वाकून लाकडानं माती काढत होते, जशी काही ती त्यांच्यावर उपकार म्हणून सुटून येणार होती.

मी गाठोडं खाली ठेवलं आणि स्टिअरिंगच्या मागं सरकून बसले. चाचांना म्हणाले, "चाचा, चावी?"

चाचांनी बिडी तोंडातून काढली. "मिलिटरी की गाडी कू चावी कायकी, अम्मा? बटन है." मग त्यांनी मला नीट बघितलं. "चलाने आता क्या?"

"हौ," मी म्हणाले.

ते दुसऱ्या बाजूनं चढून बसले. मी पदर खोचला. पुढच्या चाकांना जोर देणारा एक छोटा दांडा असतो, तो ओढला, त्याच्या शेजारचा हळू गतीचा दांडा टाकला आणि गाडी पाण्यात घातली. अप्पांनी शिकवलेलं एकच लक्षात होतं, चढावर थांबायचं नाही आणि घाई करायची नाही. चाकोरीत पिकअप रुतून बसली होती, म्हणून मी बाभळींच्या कडेनं, मोकळ्या रानातून गाडी घेतली. पुढचा भाग डावीकडं गेला, उजवीकडं गेला. चाचा काचेला धरून "या अल्ला" म्हणाले. पण चारी चाकं माती ओरबाडत राहिली आणि गाडी चढत राहिली. अण्णांच्या शेजारून जाताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिखल उडाला. मी मुद्दाम उडवला नव्हता. उडाल्याचं वाईटही वाटलं नाही.

वाटेत नवरा भेटला. बाजूला होऊन त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग मान खाली घालून बैल आणायला तसाच पुढं गेला. हे मला फार लागलं. हात तरी करायचा.

पारावर एक म्हातारा गवळी उभा राहिला. "आगं आई, बाईमानूस चालवतंय की गाडी!"

"बघताय काय? दूध चढवा," मी म्हणाले. त्यांनी चढवलं.

परत आले तेव्हा पिकअपला बैल जुंपले होते. नवरा मागून ढकलत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी मामंजींच्या दगडापाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. मामंजी उठले, धोतर झटकलं आणि माझ्या शेजारी चढून बसले.

अण्णा ओरडले, "बाबा! तुमी त्यात बसनार?"

"दूध नासंल," मामंजी म्हणाले. एवढंच.

मी ओढा ओलांडला. त्या वाटेवर मला वाटत होतं की आज काहीतरी जिंकलं. डांबरी रस्ता लागला तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. आता उतर. पुढं चाचा चालवंल. गावात दिसायला नगं."

मी उतरले. पुढं दोघांच्या मध्ये जागा होती, पण त्यांनी मागं बोट दाखवलं. सोलापूरपर्यंत मी दुधाच्या कॅनांमध्ये बसून आले. चाचांनी माझ्याकडं वळून बघितलं नाही, तेवढे त्यांचे उपकार.

मामंजींनी डिस्पोजल घेतली. आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "थोरल्यानं निवडली." अण्णा शेजारी बसून ऐकत, नाही म्हणत नसत. गाडी त्यांच्या ताब्यात गेली. मी तिला हात लावायचा नाही, असं जाऊबाईंमार्फत मला कळवण्यात आलं. मी नवऱ्याला म्हणाले, तुम्ही काहीतरी बोला. तो म्हणाला, "गाडी आपल्याच मनासारखी आली ना? मग असू दे की." त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते बहुतेक समजलंही नाही.

पावसाळ्याची शेपटी गाडीनं छान काढली. एक दिवस दूध चुकलं नाही. मग थंडीत तिकडं अरबांच्या मुलखात कसलीशी लढाई झाली आणि इकडं पेट्रोल भडकलं. डिस्पोजल पेट्रोलवर चालायची आणि प्यायचीही दांडगं. अण्णांचा दिवस उगवला. गाडीला त्यांनी नाव ठेवलं, धाकटीची म्हैस. "धाकटीच्या म्हशीनं आज किती पिलं?" जेवताना असं विचारायचे आणि स्वतःच सांगायचे. जी गाडी कालपर्यंत थोरल्यानं निवडली होती, ती पेट्रोल चढताच माझी झाली. जाऊबाईंनी ते नाव गल्लीत नेलं. मी पाणी भरायला गेले की बायका विचारायच्या, "म्हैस कशी हाय?"

मी गिळत राहिले, कारण गाडी पेट्रोल पिते हे खरंच होतं. डिझेल परवडलं असतं. ते बोलले ते सगळंच खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

उन्हाळ्यात एकदा कॅन धुवायला म्हणून मी गाडीपाशी गेले. अण्णा नुकतेच बाजारातून आले होते, एक पेंडीचं पोतं घेऊन. एका पोत्यासाठी एवढी मोठी गाडी. मी आत डोकावले तर पुढच्या चाकांचा दांडा ओढलेला आणि हळू गतीचाही टाकलेला. बाहेर रखरखीत ऊन, डांबरी रस्ता, चिखलाचा थेंब नाही. पुढचे टायर बघितले. गुळगुळीत, आणि मागच्यांपेक्षा जास्त झिजलेले. चारी चाकांना जोर देऊन डांबरावर गाडी फिरवली की टायर घासतात आणि इंजिन दुप्पट पितं. हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. चाचांनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावून सांगितलं होतं, माझ्यासमोर.

मी तशीच ओल्या हातांनी ओट्यावर गेले. अण्णा मामंजींना पेंडीचा भाव सांगत होते. मी त्यांच्याशी कधी थेट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"अण्णा, डांबरावर पुढचा दांडा कशाला लागतो?"

ते जाऊबाईंना हाक मारायला वळले. मी म्हणाले, "त्यांना नका बोलावू. मला सांगा. रोज दांडा टाकून पेट्रोल जाळायचं आणि जेवताना माझ्या नावानं हिशेब सांगायचा. गाडी पेट्रोल पीत नाही, तुमचा राग पितोय."

अण्णा मामंजींकडं बघून म्हणाले, "बघा बाबा, ही तोंड वर करून बोलतीया. ह्यानं बायकोला डोक्यावर चढवून ठिवलीया."

माझा नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आत जा तू."

मी आत गेले नाही. मामंजी उठले, काठी टेकत गाडीपाशी गेले, आत वाकून दांडे बघितले, पुढच्या टायरवरून हात फिरवला. परत येऊन बसले. कुणाचीच बाजू घेतली नाही. पण चार दिवसांनी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि वाटणी केली. भीमेकडची गावं आणि डिस्पोजल धाकट्याला. शहरातली गिऱ्हाइकं, दुकान आणि एक नवी गाडी थोरल्याला. घरात दुसरी चूल मांडली गेली. अण्णांनी त्याच महिन्यात निळी पिकअप आणून दारात उभी केली.

आमच्या वाट्याला चिखल आला आणि मला तो हवाच होता. चाचांनी एका मोडक्या गाडीचं डिझेल इंजिन आणून आमच्या डिस्पोजलमध्ये बसवलं. ते काही सरळ बसलं नाही, कितीतरी दिवस खटपट चालली, आणि बसल्यावर गाडी आधीपेक्षा हळू झाली, आवाज तर विचारूच नका. पण ओढ्याचा चढ चढायची. मी लायसन काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "मिस्टर कुठं आहेत?" मी म्हणाले, "घरी. त्यांना नाही येत." वाटणीनंतर मी उघड गाडी चालवली, गल्लीतून, भर सकाळी. बायका दारात यायच्या. मामंजी ओट्यावर असायचे, पेपर वाचत. गाडी समोरून गेली तरी पेपर खाली करत नसत. ते वारेपर्यंत त्यांनी मला चांगलं म्हटलं नाही आणि थांबवलंही नाही. मी त्यांना त्याबद्दल माफ केलेलं नाही. पण अण्णांपेक्षा त्यांच्यावर माझा राग जरा कमी आहे.

अण्णांचं चांगलं चाललं. पिकअप डांबरावर कधी रुसली नाही. त्यांनी दुधाच्या जोडीला किराणा माल न्यायला सुरुवात केली, पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा. मग दुसरी पिकअप घेतली, मग तिसरी. आम्ही ओढ्यापलीकडं दूध गोळा करत राहिलो. पोट भरलं, मुलं शिकली, त्यापलीकडं फार काही साठलं नाही. कुठली गाडी परवडली, असं कुणी विचारलं तर पैशात त्यांचीच परवडली. मी हे त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. करणारही नव्हते.

पुष्कळ वर्षांनी त्यांनी शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात, बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही गेलो. केस पांढरे झाले होते त्यांचे. मी वाकून नमस्कार केला, रीत म्हणून. त्यांनी शेजारच्या पाहुण्यांना सांगितलं, माझ्याकडं न बघता, "ही आमची धाकटी. हिच्या हट्टापायी एकदा भंगारातली गाडी घिऊन बसलो होतो. बुडायचंच बाकी होतं." पाहुणे हसले. जाऊबाई हसल्या. माझा नवराही हसला.

मी आहेराचं पाकीट जाऊबाईंच्या हातात ठेवलं, जेवले, आणि कुणाचा निरोप न घेता फाटकाबाहेर येऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं नवरा पान चघळत आला. रिक्षात बसल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्ही का हसला?"

"सगळेच हसत होते की," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "जिलबी चांगली केली होती."

मी रिक्षावाल्याला गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. नवरा आतूनच हाका मारत होता. मी चालत घरी आले.